झाकणाच्या आतल्या बाजूला

“सहा महिन्यांनी झाकण उघडा. आत धूळ साचते. दुसऱ्या कुणाकडून नको, स्वतः उघडा. नुसता आकडा बघून समाधान मानू नका. आकडा काय, काहीही सांगतो.”

त्याने हे सांगितलं तेव्हा ती ‘हो हो’ म्हणाली होती. आईने स्वेटर घे म्हटल्यावर, डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हटल्यावर आपण जे ‘हो हो’ म्हणतो आणि दाराबाहेर पडायच्या आत विसरतो, तसलं. शिवाय त्या दिवशी तिला त्याच्या तोंडून वेगळंच काही ऐकायचं होतं. सकाळपासून ती त्याचीच वाट बघत होती, आणि हा बाबा धुळीबद्दल बोलत बसला होता.

झाकण तिच्या कॉम्प्युटरचं होतं. पण गोष्ट त्याच्या आठ महिने आधी सुरू होते, एका रणरणत्या दुपारी, जिन्याखालच्या एका दुकानात.

ती तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि साडेतीन मिनिटांची एक फिल्म बनवत होती. जिना चढणाऱ्या खुर्चीची. सगळी चित्रं कॉम्प्युटरवर तयार व्हायची, एकेका चित्राला आठ-आठ मिनिटं लागायची, आणि चित्रं होती पाच हजारांवर. तिच्या दादाने होस्टेलला जाण्यापूर्वी मोठ्या प्रेमाने मशीन ‘पळवून’ ठेवलं होतं, म्हणजे प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवून दिला होता त्याच्या वर नेला होता. ओव्हरक्लॉक केलंय, आता बघ कसं धावतं ते, असं म्हणून तो निघून गेला. धावायचं खरं. पण दर दोन तासांनी गरम होऊन पटकन बंद पडायचं, आणि खुर्ची तिसऱ्या पायरीवर लटकून राहायची.

कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या त्या गल्लीतली झाडून सगळी दुकानं दुपारची बंद होती. उघडं होतं ते एकच. आत काउंटरमागे एक तरुण डोळे मिटून बसला होता, कानाला एक छोटा पंखा लावून. समुद्रकिनाऱ्यावर पोरं शंख लावतात तसा. तिला वाटलं, झोपलाय. दुकान चालू आहे का, म्हणून तिने विचारलं. त्याने डोळे न उघडताच एक बोट वर केलं. थांबा. ती थांबली. का थांबली, ते तिला अजूनही सांगता येत नाही.

“बेअरिंग गेलंय,” तो शेवटी म्हणाला आणि डोळे उघडले.

काचेच्या कपाटात रंगीत दिवे लावलेला एक मोठा झगमगीत पंखा होता. तिने त्याच्याकडे बोट दाखवलं. हा द्या.

“कशाला?”

“थंड करायला.”

“हा थंड करत नाही. हा नुसता दिसतो.”

मग त्याने तिला डॉक्टरसारखं विचारायला सुरुवात केली. प्रोसेसर कोणता, वेग किती वाढवला, कुणी वाढवला, किती वेळाने बंद पडतो. दादाने वाढवला हे कळल्यावर दादा कुठे आहेत म्हणाला. होस्टेलला, असं तिने सांगितलं.

“म्हणजे आग लावून पळाले.”

ती रागावलेली होती, घामाघूम झाली होती, तरी हसली. हसल्यावर तिला वाटलं, छे, हसायला नको होतं.

त्याचं पहिलं म्हणणं असं की काही विकत घेऊच नका, वेग कमी करा, फुकटात थंड होईल. असला दुकानदार तिने जन्मात पाहिला नव्हता. तिने हिशोब सांगितला. या वेगाने अठ्ठावीस दिवस लागणार, वेग कमी केला तर चाळीस, आणि हातात आहेत पस्तीस. त्याने मान हलवली.

“कसली फिल्म?”

“एक खुर्ची असते. ती जिना चढते.”

“का?”

“वर कुणीतरी उभं आहे म्हणून.”

इतका वेळ तो तिच्या मशीनकडेच बघत असल्यासारखा बोलत होता. आता त्याने तिच्याकडे बघितलं. “मग चढू द्यायला पाहिजे,” तो म्हणाला.

तिने विचारलं, हे बंद का पडतं, जळत का नाही एकदाचं. तो म्हणाला, शंभर डिग्रीला प्रोसेसर आपण होऊन बंद पडतो, जळू नये म्हणून तशी सोयच केलेली असते.

“म्हणजे रुसतो.”

“रुसत नाही. सांगता येत नाही त्याला, म्हणून बंद पडतो.”

हे वाक्य तिने तेव्हा एका कानाने ऐकलं. असं पुष्कळ काय काय तिने तेव्हा एका कानाने ऐकलं.

त्या दिवशी त्याने तिला काहीच विकलं नाही. एका खोक्याच्या पुठ्ठ्याची लांब पट्टी कापून हातात दिली. कॅबिनेट उघडा, ही प्रोसेसरवर उभी धरा, झाकण टेकेल तिथे खूण करा आणि या. ती घरी आली आणि जमिनीवर पालथी पडून पट्टी धरून बसली. आई नर्स होती, रात्रपाळी करून दिवसा झोपायची. झोपेतच तिने विचारलं, काय करते आहेस. मोजतेय, ती म्हणाली. कुणी सांगितलं? पंखेवाल्याने. आई कूस बदलून झोपली.

दुसऱ्या दिवशी त्याने काउंटरवर तीन हीटसिंक मांडून ठेवले होते. हीटसिंक म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा. तो उष्णता ओढून घेतो आणि त्याला लावलेला पंखा ती उडवून लावतो. पहिला जोडमनोऱ्यासारखा, दोन पंख्यांचा, उचलला तर विटेएवढा जड. तिला तोच आवडला होता. त्याने शेजारी तिची पट्टी उभी धरली. ठोकळा खुणेच्या वर दोन बोटं गेला. “हा घेतला तर झाकण कायमचं उघडं ठेवावं लागेल. धूळ, पाली, सगळ्यांना आमंत्रण.” दुसरा बसका, पसरट. बसला असता, पण तो आपलीच गरम हवा परत परत पीत बसेल, असं त्याचं मत पडलं. तिसरा सडपातळ, एकाच मनोऱ्याचा, चार तांब्याच्या नळ्या खालून वर गेलेल्या. पट्टीवरच्या खुणेपेक्षा नखभर खाली.

“हा,” तो म्हणाला. “नखभर जागा पुरते. जास्त काय करायची आहे?”

आता पंखा. पंख्याच्या बाबतीत तिची एकच अट होती. मशीन महिनाभर दिवसरात्र चालणार, आणि त्याच खोलीत आई दिवसा झोपणार. मग त्याने तीन पंखे वायरींना जोडले, काउंटरवर ओळीने ठेवले आणि म्हणाला, डोळे मिटा. एकेक चालू करतो. तुमच्या आईला कोणता चालेल ते सांगा.

तिने डोळे मिटले. पहिला भुणभुणला, कानाशी घोंगावणाऱ्या माशीसारखा. दुसरा वाऱ्यासारखा होता, पण मधेच एक बारीक टकटक करायचा. तिसऱ्याचा आवाज आलाच नाही. ती वाट बघत राहिली. मग गालावर हवा जाणवली, अगदी हळू, कुणी लांबून फुंकर घालावी तशी. कपाळावरची बट हलली. सुरू केलाय का, हे विचारायला तिने डोळे उघडले… जरा लवकरच उघडले असावेत. तो पंख्याकडे बघत नव्हता.

“हा,” ती म्हणाली.

“हाच,” तो म्हणाला, आणि वायर काढताना त्याच्या हातून ती दोनदा सुटली.

हीटसिंक बसवायला तो घरी आला. आई दाराच्या चौकटीला टेकून, झोपेने सुजलेल्या डोळ्यांनी बघत उभी राहिली. त्याने प्रोसेसर पुसला. ट्यूबमधून प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधे लावायची राखाडी पेस्ट काढली, तांदळाच्या दाण्याएवढी. एवढीशीच, असं तिने विचारलं. मधे जितकं कमी तितकं बरं, असं त्याने सांगितलं.

“मग मधे काही नसलंच तर?”

“तर हवा राहते. दोघं टेकल्यासारखे दिसतात… टेकलेले नसतात.”

आई खाकरली आणि चहा ठेवायला गेली.

काम झाल्यावर त्याने मशीन पूर्ण जोराने चालवून बघितलं. तापमानाचा आकडा चौसष्टवर जाऊन थांबला. मग त्याने कानामागची पेन्सिल काढली आणि कॅबिनेटच्या झाकणावर, आतल्या बाजूला, तारीख घालून आकडा लिहिला. ही त्याची सवय होती. पुढे कधी कुणी उघडलं तर त्याला आधीचं कळावं, म्हणून. तिने डोकावून बघितलं. तारीख आणि चौसष्ट. दवाखान्यातल्या कागदाइतकंच रुक्ष. नंतर तिने पुन्हा कधी डोकावलं नाही.

निघताना त्याने तिला कॅबिनेटच्या मागे नेलं. स्क्रीनवरचा आकडा सोडा, म्हणाला, इथे हात धरा. तिला नेमकी जागा सापडेना, तेव्हा त्याने तिचं मनगट धरून हात जाळीपाशी नेला. कोमट हवा तळव्याला लागत होती. अंगाएवढी गरम असेल तर ठीक, त्याहून जास्त वाटली तर मला कळवा, असं तो सांगत होता. सांगून झालं तरी मनगट सोडायचं त्याच्या लक्षात आलं नाही. तिनेही आठवण करून दिली नाही.

“आता कशी आहे?” त्याने विचारलं.

“कोण?”

“हवा.”

“…ठीक आहे.”

तो गेल्यावर आई म्हणाली, पोरगा बरा आहे, पण अगदीच थंडोबा. चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

त्याची आणखी एक पद्धत होती. विकलेल्या मालाची चौकशी तो सातव्या दिवशी फोन करून करायचा. सातव्या दिवशी फोन आला. किती आहे? चौसष्ट, तिने खरं ते सांगितलं. छान, तो म्हणाला, आणि फोन ठेवून दिला. चार सेकंदांत कारभार आटोपला. ती फोनकडे बघत राहिली. खरं बोलण्यात काही राम नाही, असा निष्कर्ष तिने काढला.

पुढच्या आठवड्यात तिनेच फोन केला.

“किती?”

“एक्क्याऐंशी.”

“येतो,” तो म्हणाला.

आला. झाकण उघडलं, नळ्यांना बोट लावून बघितलं, पात्यांवरून ब्रश फिरवला, जुनी पेस्ट पुसून नवी लावली, पेन्सिलीने काहीतरी खरडलं, झाकण लावलं. या सगळ्याला पाऊण तास लागला आणि त्या पाऊण तासात ती त्याच्याशी इतकं बोलली की संध्याकाळी घसा बसला. स्क्रीनवर चौसष्ट. उतरला की, ती गंभीरपणे म्हणाली. हं, तो म्हणाला.

पाच दिवसांनी पुन्हा एक्क्याऐंशी. मग पुन्हा. फिल्म पुरी होईपर्यंत तो चार वेळा आला. आकडा थोडा बदलावा हेही तिला सुचलं नाही, इतकी ती खोटं बोलण्यात कच्ची होती. तो तिला एक्क्याऐंशीच म्हणू लागला. फोन उचलला की, बोला, एक्क्याऐंशी. तिने एकदा धीर करून विचारलं, आमचं सगळं मोजता, तुमचं स्वतःचं किती?

“चोपन्न.”

“कायम?”

“कायम.”

चोपन्न म्हणजे मशीन नुसतं चालू आहे, काही काम नाही, कसला ताप नाही. ती खट्टू झाली. तिचं तेव्हा किती होतं, ते कुणी मोजलं असतं तर घराची वायरिंग जळाली असती.

फिल्म एकोणतिसाव्या दिवशी पुरी झाली. कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवली तेव्हा तो आला होता. शेवटच्या रांगेच्याही मागे, दाराजवळ उभा होता. खुर्ची धापा टाकत शेवटची पायरी चढली, अंधार झाला, टाळ्या पडल्या. बाहेर व्हरांड्यात त्याने विचारलं, वर कोण उभं होतं ते दाखवलंच नाही.

“बघणाऱ्याने ओळखायचं.”

“सगळ्यांना नाही ओळखता येत,” तो म्हणाला.

या वेळी तरी तो पुढे काही बोलेल म्हणून ती थांबली. तो चपलेच्या टोकाने फरशीवरचा एक डाग घासत राहिला. तेवढ्यात मैत्रिणींनी तिला ओढून नेलं.

मग दुसऱ्या शहरात नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी ती मशीन घेऊन दुकानात गेली. प्रवासात धक्का लागला तर जड हीटसिंकने बोर्ड मोडतो, तेव्हा आधी बघून देतो, असं त्यानेच सांगितलं होतं. तिला काउंटरच्या अलीकडे बसवून तो आत पाठमोरा काम करत राहिला. नेहमीपेक्षा जास्त वेळ. चारही स्क्रू त्याने सावकाश पिळले. आडवं ठेवून न्या, म्हणाला. आणि मग ते, सहा महिन्यांनी झाकण उघडा. स्वतः उघडा.

“एवढंच?” तिने विचारलं.

“एवढंच,” तो म्हणाला. “पण नक्की उघडा.”

हो हो, ती म्हणाली, आणि रिक्षात बसल्यावर रडली. आडवं ठेवलेलं मशीन मांडीवर होतं, त्यामुळे डोळे पुसायला हातसुद्धा मोकळा नव्हता.

नव्या गावात दर रविवारी त्याचा फोन यायचा. किती? चौसष्ट. आता खोटं बोलून उपयोग नव्हता, तिथून तो येणार कसा? तुमचं? चोपन्न. कामाचं बोलायचे, आईच्या गुडघ्यांचं बोलायचे, शेजारच्या घड्याळवाल्या काकांनी स्वतःचंच घड्याळ बिघडवून ठेवल्याचं बोलायचे. ज्याचं बोलायचं ते सोडून बाकी सगळ्याचं.

सहा महिने झाल्यावरच्या पहिल्या रविवारी त्याने विचारलं, “झाकण उघडलंत?”

ती तेव्हा ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर बाहेर होती. मशीन व्यवस्थित चालू होतं, आकडा चौसष्टचा सदुसष्ट झाला होता, एवढंच. आणि खरं सांगायचं तर धुळीचा तो राग अजून मनात होता. तिला वाटलं, नाही म्हटलं तर हा आता अर्धा तास पेस्टवर व्याख्यान देईल.

“हो, उघडलं.”

“बघितलंत?”

“बघितलं की.”

“…मग?”

“मग काय? ठीक आहे सगळं. चालू दे आहे तसंच.”

“बरं,” तो म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, “बरं. काळजी घ्या.”

त्यानंतरच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, पण त्याने ‘किती’ विचारलं नाही, फक्त आईचे गुडघे विचारले. मग तोही बंद झाला. तिने मनाशी म्हटलं, थंडोबाच तो, विसरला. आपण का म्हणून करायचा दर वेळी? आपण केलेच की फोन, एक्क्याऐंशी करून करून. आता त्याची पाळी. असं म्हणून तिने वाट बघितली, आणि वाट बघणं हळूहळू कमी झालं.

दोन वर्षांनी लग्न झालं. नवरा चांगला आहे, हे सांगितलंच पाहिजे. मोठ्याने हसतो, मनात आलं की लगेच बोलून टाकतो, त्याच्याशी जगणं सोपं आहे. मुलगी झाली. मुलगी झाल्यापासून तिचा कशावर विश्वास म्हणून राहिला नाही. तापमापकाने काही नाही म्हटलं तरी ती कपाळाला हात लावते, मग मानेला, मग पोटाला, मग पाच मिनिटांनी पुन्हा. मुलगी गप्प खेळत असली तर उठून बघून येते, दंगा करत असली तर जरा बसते. नवरा म्हणतो, तू काय थर्मामीटरची शिक्षिका आहेस का, सारखी त्याची परीक्षा घेतेस.

गेल्या वर्षी एका दुपारी ते जुनं मशीन बंद पडलं. एकदम, पटकन, पूर्वीसारखं. नवरा म्हणाला, टाकून देऊ, किती वर्षं वापरायचं. पण त्यात मुलीचे पहिल्या वर्षाचे फोटो होते. मुलगी झोपली होती. तिने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चार स्क्रू काढले. पट्टीने मोजलं होतं त्यानंतर पहिल्यांदा.

आत धुळीची गोधडी झाली होती. पात्यांच्या फटी दिसत नव्हत्या. पंखा फिरायचा तो त्या गोधडीवरच फिरत असणार. इतकी वर्षं श्वास कोंडून ते काम करत होतं आणि स्क्रीनवर आकडा दिसतोय तोवर तिला वाटत होतं, ठीक आहे. ती कपड्याने पुसायला लागली. मग झाकण बाजूला ठेवताना ते उलटं झालं.

पेन्सिलीचं अक्षर बारीक होतं, तिरकं, पण एकही शब्द पुसला गेला नव्हता. बंद झाकणाच्या आत पुसणार कोण?

पहिली ओळ तिला माहीत होती. तारीख, चौसष्ट. त्याखाली पुढची तारीख:

‘६४ आहे. ८१ म्हणाली. आलो.’

त्याखाली, ‘६३. ८१ म्हणाली. आलो.’

‘६४. पुन्हा ८१. पेस्ट बदलायची गरज नव्हती. बदलली.’

‘६५. ८१ म्हणाली नसती तरी आलो असतो.’

आणि शेवटी, ती निघाली त्याच्या आदल्या दिवशीची तारीख. तो पाठमोरा होता, तेव्हाची.

‘मशीन ६३. माझं ९९. चोपन्न खोटं होतं. तोंडाने जमत नाही. झाकण उघडलंस तर सांग.’

सगळा वेळ ‘तुम्ही, तुम्ही’ करणारा माणूस. ती जमिनीवर बसली होती ती तशीच बसून राहिली. पंख्याच्या पात्यावर धुळीचा एक पुंजका अजून हलत होता. तिला तो रविवार आठवला. मैत्रिणी कशावर तरी हसत होत्या, एका कानावर तिने हात ठेवला होता, दुसऱ्या कानात तो विचारत होता, बघितलंत? बघितलं की. मग? चालू दे आहे तसंच.

त्याने विचारलं होतं. तिने उत्तर दिलं होतं. त्याच्या लेखी सगळं अगदी स्पष्ट झालं होतं.

तो फोनवर म्हणाला होता ते ‘बरं’ ती किती वेळ आठवत होती कोण जाणे. मुलगी उठून आली, आईच्या पाठीला लोंबली, झाकणावर बोट ठेवून म्हणाली, हे काय लिहिलंय. हिशोब आहे बाळा, ती म्हणाली. कुणाचा? एका काकांचा.

झाकणाच्या कोपऱ्यात त्याच्या दुकानाचं लेबल होतं. त्यावर दोन नंबर. पहिला लागलाच नाही, तो आता अस्तित्वातच नव्हता. दुसऱ्यापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘शेजारी’. तो घड्याळवाल्या काकांनी उचलला. त्यांना एक्क्याऐंशी म्हटल्याबरोबर ओळख पटली. अगं, तू होय, म्हणाले. दुकान बंद होऊन तीन वर्षं झाली होती. वडील गेले, आजारपण लांबलं होतं, एकट्याने काढलं पोराने, कुणाला कळू दिलं नाही. मग सगळं आवरून दुसऱ्या कुठल्या गावी गेला, एका दुकानात कामाला लागला. कुठल्या, ते काकांच्या लक्षात नव्हतं. स्वतःचा फोन नाही त्याच्याकडे, दुकानातल्या फोनवरून तोच करतो दोन-तीन महिन्यांनी.

“कसा आहे तो?” तिने विचारलं.

“मजेत आहे. कसा आहेस विचारलं की म्हणतो, चोपन्न. म्हणजे बरंच असेल ना ते?”

तिने फोन कानापासून लांब धरला. काकांना वाटलं, फोन कटला.

तिने बराच विचार केला. शेजारच्या खोलीत मुलगी बाहुलीला दटावत होती. नवऱ्याचा शर्ट खुर्चीवर होता. यातलं काही हलवायचं नव्हतं तिला, आणि हलवून आता कुणाचं भलं होणार होतं? पण त्या माणसाने एवढी वर्षं एक उत्तर जपून ठेवलं होतं, आणि ते तिने दिलेलंच नव्हतं. निदान तेवढं तरी त्याच्याकडून परत घ्यायला हवं होतं.

“काका, एक निरोप द्याल? पुढच्या वेळी फोन आला की सांगा, एक्क्याऐंशीने झाकण आज उघडलं. आज, पहिल्यांदा. आधी उघडलं म्हणाली ते खोटं होतं.”

“एवढंच?”

“एवढंच. पण नक्की सांगा.”

काकांनी कागदावर लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. त्यालाही आता आठ महिने झाले. ती अधूनमधून काकांना फोन करते. निरोप अजून कागदावरच आहे. दोन-तीन महिन्यांनी येणारा फोन आठ महिन्यांत एकदाही आलेला नाही. कामात असेल, काका म्हणतात, काही असतं तर कळवलं नसतं का? ती म्हणते, नाही काका, तो नसता कळवत. त्याला सांगता येत नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक काम आहे. तो कुठल्या गावी आहे ते माहीत नाही, त्यामुळे तुमच्याच गावी असेल, असंही असू शकतं. सुट्या भागांच्या दुकानात आत कुठेतरी बसलेला असेल. पंखा कानाला लावून डोळे मिटून ऐकतो, आणि हाक मारली तर बोट वर करतो. झगमगीत पंखा मागितलात तर देणार नाही. आधी मोजून या म्हणेल. आणि दुरुस्तीला दिलेलं मशीन घरी आणून झाकण उघडलंत, तर आतल्या बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिलेली दिसेल.

असा कुणी भेटला, तर कसे आहात म्हणून विचारा. तो चोपन्न म्हणेल. ते ऐकून ‘बरं’ म्हणून निघून येऊ नका. जरा थांबा, जेवलात का विचारा, डोळ्यांखाली बघा, काही निमित्ताने हातात हात घ्या आणि तो गरम लागतो का बघा. आणि मग काकांना एक फोन करायला सांगा त्याला. त्यांच्याकडे एक निरोप राहिलाय.